मंजुळा सुरक्षित आहे

गोजराबाईंच्या गळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्या कंपनीने डबी बांधली तो दिवस सोमवार होता, आणि सोमवारी सहा बंगल्यांतला शनिवार-रविवारचा पसारा आवरायचा असल्यामुळे गोजराबाईंना कुणाशी बोलायला मुळीच सवड नव्हती. पण पुण्याहून आलेले निषाद साहेब पायरीवर उभे राहून बोलतच होते. साहेब म्हणजे वय सत्तावीस-अठ्ठावीस, पायांत पांढरेशुभ्र बूट, आणि रिहे गावाच्या तांबड्या मातीत ते बूट कुठे टेकवावेत या विवंचनेत सारखे या पायावरून त्या पायावर.

"मावशी, तुम्ही इथे एकट्या काम करता," ते म्हणाले. "कंपनीचा नवा नियम आहे. एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात हे असलंच पाहिजे."

"मी एकटी कुटं हाय? सहा बंगले हायेत, तीस माकडं हायेत, आन म्हस हाय."

माकडं आणि म्हैस कंपनीच्या कागदात बसत नव्हती. निषादने काडेपेटीएवढी पांढरी डबी त्यांच्या गळ्यात घातली आणि तिचे गुण सांगितले. संकट आलं तर मधलं लाल बटण दाबायचं. दाबायची शुद्ध राहिली नाही तरी हरकत नाही, डबी पंधरा मिनिटं हलली नाही, तर ती आपण होऊन विचारते, "आपण सुरक्षित आहात का?" बटण दाबलं की गप्प बसते. नाही दाबलं, तर विचारत राहते आणि पुण्याच्या कंट्रोल रूमला कळवते. तिथे नकाशावर माणूस नेमका कुठे पडलाय ते दिसतं आणि पाच जवळच्या माणसांना मेसेज जातो. शिवाय पाण्याने डबीला काही होत नाही. गोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फक्त पाण्याचं तेवढं मनावर घेतलं नाही. पौडच्या मोबाइलवाल्यानेही पुतण्याला, शंभूला, हेच सांगितलं होतं आणि शंभूचा जुना मोबाइल अजून तांदळाच्या डब्यात होता.

पाच जवळची माणसं कोणती, यावर मात्र गोजराबाईंनी लग्नाच्या आमंत्रणांइतका विचार केला. पहिला मुलगा दिग्विजय, तो हिंजवडीला कंपनीत. दुसरा शंभू, कारण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची किल्ली त्याच्याकडे. तिसरी पौडची बांगड्यांच्या दुकानातली फहमिदा, बालपणापासूनची मैत्रीण. तिच्या दुकानात सांगितलेली गोष्ट तहसील कचेरीच्या आधी तालुक्याला कळते. चौथे शेजारचे भिकूदादा. आणि पाचवी कासार आंबोलीची विहीणबाई, सुनेची आई. ती जवळची होती म्हणून नव्हे, पण वगळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

जाता जाता निषादने सांगितलं, की तीन महिने डबी नोंद ठेवणार, आणि ज्यांना एकट्याने काम करणं झेपत नाही असं दिसेल त्यांच्या जागी कंपनी कॅमेरे आणि पुण्याचा गार्ड आणणार. गोजराबाईंनी पदराआड डबी घट्ट धरली. कंपनीच्या कागदावर त्यांचं वय सत्तावन्न होतं. खरं वय दुष्काळाच्या साली त्या केवढ्या होत्या यावरून काढावं लागे, आणि ते बरंच जास्त निघे.

नोकरी गेली तर पोट अडणार नव्हतं. अडणार होतं ते दुसरंच. नवरा वारल्यापासून दिग्विजयने एकच धोशा लावला होता, आई, आता आमच्याकडे ये. एकदा गेल्याही होत्या. अकराव्या मजल्यावर आठ दिवस. सूनबाई रेश्मा प्रेमळ, घरात सगळं हाताशी, पण खिडकी उघडावी तर समोर दुसऱ्याची खिडकी, आणि दिवसभरात एकही माणूस कामाला हाक मारत नाही. नवव्या दिवशी पिशवी भरून त्या परत आल्या. त्या वेळी पोराने गावदेवीची शपथ घ्यायला लावली होती, की ज्या दिवशी तुला काही होईल त्या दिवशी मुकाट्याने हिंजवडीला यायचं. गोजराबाईंनी शपथ घेतली, कारण आपल्याला काही होणार नाही याची त्यांना खात्री होती. ही डबी तेव्हा निघाली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात डबीने जीव नको केला. फरशी पुसायला वाकावं तर ती बादलीत बुडायची. काढून खिळ्याला अडकवावी तर पंधरा मिनिटांनी खिळ्यावरून विचारायची, आपण सुरक्षित आहात का. गोजराबाई दुसऱ्या बंगल्यात असायच्या, मग कंट्रोल रूममधून मृण्मयी नावाच्या मुलीचा फोन. पोरगी गोड बोलायची.

"मावशी, ठीक आहात ना?"

"मी ठीक हाय बाय. तुजी डबी ठीक न्हाई."

चार दिवसांत असे अकरा फोन झाले. बाराव्याला मृण्मयीने अगदी अदबीने सांगितलं, की असे खोटे इशारे फार झाले तर निषाद सरांना कळवावं लागतं. गोजराबाई पायरीवर बसून विचारात पडल्या. डबी हलती राहायला हवी, पाण्यापासून लांब राहायला हवी, आणि आपल्या कामात लुडबुडायला नको. तेवढ्यात समोरच्या माळावर मंजुळेने शेपटी उडवून दोन पावलं पुढे टाकली.

मंजुळा म्हणजे त्यांची म्हैस. सकाळी सोडली की बंगल्यांच्या वरच्या माळावर दुपारपर्यंत चरायची. पाच मिनिटं एका जागी उभी राहील तर शपथ. तिच्या डाव्या शिंगाला डबी करकचून बांधली आणि गोजराबाईंचा प्रश्न मिटला. दुपारी मंजुळा तळ्याकडे वळायच्या आत जाऊन डबी सोडून घ्यायची, एवढंच ध्यानात ठेवायचं. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. मृण्मयीचा फोन बंद झाला, तेव्हा गोजराबाईंना थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

दसरा होऊन गेला. ऑक्टोबरचं ऊन माळावर तापायला लागलं. दिवाळीला सगळे बंगले भरणार, म्हणून एका मंगळवारी गोजराबाईंनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुवायला काढल्या. चौथ्या बंगल्याची टाकी सगळ्यात मोठी. शिडी लावून त्या आत उतरल्या, मोबाइल बाहेर ओट्यावर ठेवला, आणि काथ्याच्या ब्रशने शेवाळ खरवडायला लागल्या. टाकीत आवाज घुमतो, त्यामुळे त्यांना जात्यावरच्या ओव्या आठवल्या. टाकीत ओवी सुरेल लागते असं त्यांच्या ध्यानात आलं. एक झाली, दोन झाल्या, दहा झाल्या. बारा वाजून गेले ते कळलंच नाही.

मंजुळेला मात्र बरोबर कळलं. ऊन टाळूवर आल्याबरोबर ती माळ उतरली आणि गावच्या पाझर तलावात शिरली. तिथे गावातल्या आणखी सात म्हशी आधीच बसल्या होत्या. मंजुळा त्यांच्या मधोमध जाऊन समाधानाने खाली बसली, नाकपुड्या, डोळे, शिंगं तेवढी वर ठेवली, आणि हलायची थांबली.

पंधरा मिनिटांनी डबीने तिला विचारलं, "आपण सुरक्षित आहात का?"

मंजुळा अत्यंत सुरक्षित होती. पण बटण दाबण्याचं तिला काही सुचलं नाही.

पुण्यात मृण्मयीच्या नकाशावर गोजराबाईंचा लाल ठिपका तलावाच्या बरोबर मध्यभागी स्थिर झाला. तिने फोन लावला. तो गच्चीवरच्या ओट्यावर वाजून वाजून थांबला. तिने पुन्हा लावला. मग तिने पाचही जणांना मेसेज पाठवला, की गोजराबाई धोक्यात असण्याची शक्यता आहे, आणि सोबत नकाशा. शंभूने नकाशा उघडला, ठिपका पाहिला, तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि धावत सुटला. दहा मिनिटांत तलावाच्या बांधावर साठ माणसं जमली.

शंभूने शर्ट काढून पाण्यात उडी टाकली. तीनदा बुडी मारली. पहिल्या वेळी चिखल हाती आला, दुसऱ्या वेळी एक फुटका माठ आणि तिसऱ्या वेळी एक चप्पल. ती चप्पल गोजराबाईंचीच, असं तीन बायकांनी तत्काळ ओळखलं आणि बांधावर रडारड सुरू झाली. एवढ्यात पाण्यावरून स्वच्छ बायकी आवाज आला, "आपण सुरक्षित आहात का?"

रडणं थांबलं. सगळे पाण्याकडे बघायला लागले. पाण्यात आठ म्हशी होत्या आणि आठही शांत होत्या.

"गोजराकाकीच बोलतीया," शंभू पाण्यातूनच म्हणाला.

"न्हाई," दगडावर बसलेले भिकूदादा म्हणाले. भिकूदादांचं वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण विचार पक्का. "गोजरा जल्मात कुणाला 'आपण' म्हनली न्हाई. ही पुन्याची बाय हाय."

म्हणजे पाण्यात आणखी एक बाई बुडालीय, असा त्याचा अर्थ निघाला आणि शंभूने पुन्हा बुडी मारली.

इकडे शेवटची ओवी संपवून गोजराबाई टाकीतून बाहेर आल्या आणि गच्चीवरून त्यांना बांध दिसला. एवढी माणसं, त्यात बायका पदर डोळ्यांना लावलेल्या. कुणीतरी बुडालं हे उघडच होतं. अशा वेळी घरात बसून राहणाऱ्यांतल्या गोजराबाई नव्हेत. ओल्या लुगड्याचा काष्टा तसाच, हातातला ब्रश तसाच, त्या माळावरून धावत सुटल्या आणि गर्दीच्या मागे, भिकूदादांच्या दगडापाशी पोचल्या.

"कोन गेलं, भिकूदादा?"

"आपली गोजरा," भिकूदादा डोळे पुसत म्हणाले.

"आरं देवा," गोजराबाई मनापासून हळहळल्या. "कशी काय?"

"पान्यात. लई चांगली बाय व्हती. तोंडाची फटकळ, पर मनात काय न्हाई."

गोजराबाईंनी मान हलवली. मग त्यांची मान हलता हलता थांबली. "कोनची गोजरा?"

"गावात दुसरी हाय का?"

दुसरी नव्हती. गोजराबाईंनी एक क्षण विचार केला, मग खाली वाकून आपलं तोंड भिकूदादांच्या तोंडासमोर आणलं. "भिकूदादा, जरा बगा हिकडं."

भिकूदादांनी बराच वेळ बघितलं. "मग ती चप्पल कुनाची?" ते म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. कुणी मिठी मारली, कुणी शिव्या दिल्या, एका बाईने दोन्ही एकदम केलं. पाण्यात कंबरेएवढ्या चिखलात उभा असलेला शंभू नुसताच बघत राहिला. या गोंधळाने मंजुळेची झोपमोड झाली. ती उठली, सावकाश बांधावर चढली, साठ माणसांच्या मधून वाट काढत मालकिणीपुढे येऊन उभी राहिली आणि तिच्या डाव्या शिंगाने विचारलं, "आपण सुरक्षित आहात का?"

गावाला सगळं एकदम कळलं. हसण्याचा असा गडगडाट झाला, की बाकीच्या सात म्हशीही पाण्याबाहेर आल्या. गोजराबाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी डबी सोडून बटण दाबलं, आणि चौथ्या बंगल्यावरून कुणीतरी आणून दिलेल्या मोबाइलवर दिग्विजयचे सतरा फोन येऊन गेलेले दिसले. त्यांचं हसू तिथेच विरलं. त्यांनी उलट फोन लावला, पण त्याने आईचा आवाज ऐकला मात्र, "घोटवड्यापर्यंत आलोय, काही बोलू नकोस," एवढंच म्हणून ठेवून दिला.

आता गावाची एक रीत आहे. कुणाला काही झालं की भेटायला जायचं, जाताना बिस्किटाचा पुडा नाहीतर नारळ न्यायचा. आणि माणूस एकदा भेटायला निघाला, की आजाऱ्याने आजारी असलंच पाहिजे. नाहीतर येणाऱ्याचा अपमान होतो. बातमी रिह्याबाहेर गेली होती, माणसं निघाली होती. त्यामुळे धडधाकट गोजराबाईंना बायकांनी धरून घरी नेलं, ओटीवरच्या बाजेवर आडवं केलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या अंगावर घोंगडी टाकली. त्या उठायला लागल्या, की चार हात त्यांना खाली दाबत.

तासाभरात फहमिदाच्या मुलाची, रईसची, व्हॅन दारात थांबली. पुढे फहमिदा, आणि वाटेत कासार आंबोलीला घेतलेली विहीणबाई मागे. विहीणबाई व्हॅनमधून उतरल्या त्याच हंबरडा फोडत, आणि ओटीवर येऊन बाजेवर बघतात तर मयत घामाने निथळत बिस्किट खात होतं.

विहीणबाईंचा हंबरडा अर्ध्यावर अडकला. "म्हंजी तुमी जित्त्या हाय?"

"हाय की, विहीणबाई."

"मी आंबोलीपासनं रडत आले. आता ते कुटं ठिवू?"

त्यांना आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग जेवून जा म्हणून हात धरला, तेव्हा कुठे त्या पायरीवर टेकल्या. फहमिदाने शंभूकडून सगळी हकिगत ऐकली आणि ती भिंतीला धरून हसली. हसून झाल्यावर मात्र तिने बाजेशी येऊन हळूच विचारलं, "गोजराताई, सायबाला काय सांगनार? आन दिग्विजयला?"

हाच घोर गोजराबाईंना लागला होता. खरं सांगावं, तर कंपनीची डबी म्हशीच्या शिंगाला बांधली म्हणून नोकरी जाणार आणि त्यामागून हिंजवडी. डबी आपल्याच गळ्यात होती म्हणावं, तर आपण तळ्यात बुडत होतो असं होणार आणि शपथेप्रमाणे सरळच हिंजवडी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या तळाशी अकरावा मजला. ओटीवरून त्यांना माळ दिसत होता, बंगल्यांची लाल कौलं दिसत होती, कमरेला सहा किल्ल्यांचा जुडगा टोचत होता. त्यांना खरोखर रडू आलं. जमलेल्या बायकांना फार बरं वाटलं. आता त्या आजारी दिसत होत्या.

दिग्विजय आणि निषाद साहेब एकापाठोपाठ एक आले. दिग्विजयने गाडीचं दारही लावलं नाही. तो बाजेपाशी येऊन गुडघ्यांवर बसला, आईचे हात हातांत घेतले, उलटसुलट करून बघितले. पोराला आपण एवढं घाबरवलं हे गोजराबाईंना दिसलं. आपण फारच वाईट वागलो असं त्यांना वाटलं.

"आई, पिशवी भर," तो म्हणाला.

गोजराबाईंनी खरं ते सांगायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी निषाद बोलला. तो ओटीच्या कडेला उभा राहून हातातल्या मोठ्या फोनवर काहीतरी वाचत होता आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"एक मिनिट हं. मला हे कळत नाहीये. मावशींची तीन आठवड्यांची नोंद आहे ही. रोज सरासरी सात किलोमीटर चालणं, तेही चढावर. कंपनीत दुसऱ्या कुणाचं याच्या निम्मंसुद्धा नाही."

तोंडात कोंबायला पदर नव्हता म्हणून शंभूने टॉवेल कोंबला.

"मान खाली-वर करण्याचा व्यायाम तर सकाळभर चालू असतो," निषाद पुढे वाचत होता. "आणि मावशी, गेल्या गुरुवारी नऊ चाळीसला तुम्ही अडीचशे मीटर पळालात. एवढ्या जोरात? का?"

"कुत्रं लागलं व्हतं मागं," गोजराबाई म्हणाल्या. हे खरंच होतं. गोजराबाई सहसा खोटं बोलत नसत. पण समोरचा आपण होऊन चुकीच्या वाटेला लागला, तर त्याला मध्येच तोडणं त्यांच्या रीतभातीत बसत नव्हतं.

"आणि आज तलावात?"

हा प्रश्न अवघड होता. गोजराबाईंनी फहमिदाकडे बघितलं. फहमिदा तीस वर्षं बांगड्या विकत होती. अवघड हातात बांगडी कशी चढवायची हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

"सायेब," ती सहज म्हणाली, "आमी दोगी बारक्या व्हतो तवापासनं बगते मी. गोजराताईवानी पवणारं बाईमानूस सबंध मुळशीत न्हाई."

हेही खरंच होतं. निषादने पुन्हा फोन बघितला. "पण इथे तर दिसतंय की त्या तलावाच्या मध्यावर तब्बल पाऊण तास अजिबात हललेल्या नाहीत." मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे पाण्यावर निश्चल पडून राहणं. श्वासावर ताबा. मी याचा कोर्स केला होता, मला चार मिनिटंसुद्धा जमलं नाही." त्याने गोजराबाईंना हात जोडले. "मावशी, तुम्ही हे आम्हाला शिकवलं पाहिजे."

भिकूदादा कोपऱ्यातून म्हणाले, की ही शिकून येणारी गोष्ट नाही, ती जन्मजात लागते. कुणीतरी त्यांना बाहेर घेऊन गेलं.

दिग्विजय गुडघ्यांवरून उठला होता. आईकडे तो असा बघत होता, की जणू ओळख नव्याने झाली. मग नकळत त्याची नजर स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. दिवसभरात अकराशे पावलं, असं तिथे लिहिलं होतं, आणि त्यातली बरीचशी आत्ता गाडीपासून बाजेपर्यंतची असावीत. पिशवीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. गोजराबाईंनी घोंगडी फेकली, उठून कमरेचा जुडगा सारखा केला आणि एवढ्या माणसांच्या जेवणाला लागल्या. बिस्किटं आणि नारळ परत घ्यायला कुणीच तयार नव्हतं. आजारी नसताना गोळा झालेली ती बिस्किटं गोजराबाईंनी पुढे महिनाभर मंजुळेला खाऊ घातली.

दिवाळीआधी कंपनीचं प्रशस्तिपत्र आलं. एकट्याने काम करणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांत सर्वांत तंदुरुस्त, श्रीमती गोजराबाई. तीन महिन्यांची परीक्षा माफ. गोजराबाईंनी ते काचेत घालून घेतलं आणि शंभूला गोठ्यात खिळा ठोकायला सांगितलं. ज्याचं त्याला.

आणि मग दिवाळीनंतरच्या रविवारी, कुणी न बोलावता, दिग्विजय सकाळी सात वाजता दारात उभा राहिला. पायांत कोरे बूट, डोक्याला टोपी. निषाद साहेबांकडून त्याने त्या मंगळवारचा रस्ता फोनवर मागवून घेतला होता. "आई, तुझ्याबरोबर चालायचंय. तुझ्याच रस्त्याने, अगदी तसंच," तो म्हणाला. गोजराबाईंनी आधी पाय दुखतोय म्हणून बघितलं, मग काम आहे म्हणून बघितलं. पोरगं हटलं नाही. शेवटी डबी गळ्यात घालून त्या निघाल्या. मंजुळा नेहमीप्रमाणे सुटलेली, वीस पावलं पुढे.

फोनवरची निळी रेघ आधी माळावर गेली. मग ती करवंदीच्या जाळीतून आरपार गेली. दिग्विजय थबकला. "तू यातून गेलीस?" गोजराबाईंनी उत्तर न देता लुगडं आवरलं आणि जाळीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा दोन ठिकाणी फाटलं होतं. पुढे एका आंब्याच्या खोडापाशी रेघेची गुंतवळ झाली होती.

"इथे पाच मिनिटं नुसतीच पुढे-मागे झालीयेस. काय करत होतीस?"

"पाठ खाजवत व्हते."

दिग्विजयने आईकडे बघितलं. मग झाडाकडे. तिथे मंजुळा खोडाला पाठ लावून, डोळे मिटून, पुढे-मागे होत होती. त्यानंतर त्याचं लक्ष फोनपेक्षा म्हशीकडे जास्त गेलं. म्हैस डावीकडे वळली की रेघ डावीकडे वळत होती. म्हैस थांबली की रेघ थांबत होती. माळ उतरून तिघं बांधावर आली. रेघ सरळ पाण्यात गेली होती. मंजुळाही सरळ पाण्यात गेली, मध्यभागी पोचली आणि जिथे फोनवर लाल ठिपका होता तिथे बसली.

दिग्विजय बांधावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. गोजराबाईंना वाटलं पोरगं रडतंय, म्हणून त्या वाकल्या, तर त्याला हसता हसता श्वास घ्यायला सुचत नव्हतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" खूप वेळाने त्याने विचारलं.

"समद्या गावाला. तुज्या सासूला पन. फकस्त तुला आन कंपनीला न्हाई."

तो आणखी हसला. मग त्याने डोळे पुसले. "मग त्या वेळी तू कुठे होतीस?"

"टाकीत. चवथ्या बंगल्याच्या."

"एकटी? आत उतरून?"

गोजराबाई त्याच्या शेजारी बसल्या. या प्रश्नाला कुणी वाट चुकवून नेणारं नव्हतं. "व्हय," त्या म्हणाल्या. "घसरले असते तर कुनाला कळलं नसतं. म्हशीला तेवढं समद्यांनी शोधलं असतं. ते माज्या ध्यानात आलं, पर मागनं आलं. आता टाकीत उतरताना शंभूला बोलावते. आन ही डबी काढत न्हाई. पर मला हितनं नेऊ नगंस, दिग्या. हितं मला कामाला हाका मारत्यात."

दिग्विजयने बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. लहानपणी याच बांधावरून तो उड्या मारायचा. नेणार असं म्हणाला नाही, नाही नेणार असंही म्हणाला नाही. मायलेकरं तशीच बसून राहिली. ऊन चढलं, पलीकडे भाताच्या खाचरांत कापणीची माणसं उतरली, आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही.

पंधरा मिनिटं झाली असावीत, कारण गोजराबाईंच्या गळ्यातून आवाज आला, "आपण सुरक्षित आहात का?"

दिग्विजयने हात लांब केला आणि बटण दाबलं. "पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "डबी बदलून घे, हिला म्हशीचा वास येतोय."

डबीचा ओळखीचा आवाज ऐकून तळ्याच्या मधोमध मंजुळेने मान वळवली, आणि एकदा लांबलचक रेकून पुन्हा डोळे मिटले.